जेटसन ओरिन नॅनो सुपर किट: भोसरीतल्या इन्स्पेक्शन स्टेशनवरून

ॲल्युमिनियम कास्टिंगच्या मशीन केलेल्या फेसवरचे ब्लोहोल (ओतताना अडकलेल्या वायूची छिद्रं) पकडणारी स्टेशनं मी बनवते. कन्व्हेअरवर पार्ट आला की सेन्सर ट्रिगर देतो, कॅमेरा फोटो घेतो आणि पार्ट रिजेक्शनच्या सिलिंडरपाशी पोचायच्या आत पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) निकाल मिळायलाच हवा. नव्या स्टेशनची जुळणी मी एनव्हिडियाच्या या किटवर, म्हणजे फोटो तपासणारं एआय मॉडेल चालवणाऱ्या छोट्या संगणकावर करते.

डिसेंबर २०२४ मध्ये ४९९ डॉलरचं किट २४९ वर आलं. शिवाय मेमरी बँडविड्थ सेकंदाला ६८ वरून १०२ जीबी झाली, तीही निव्वळ सॉफ्टवेअर अपडेटने. जुनं किट असलेल्यांनाही ती मिळाली, हे मला फार आवडलं. जाहिरातीतला ६७ टॉप्सचा (सेकंदाला ६७ लाख कोटी आकडेमोडी) आकडा मात्र स्पार्स, म्हणजे निम्मे आकडे शून्य केलेल्या मॉडेलचा आहे, साध्या मॉडेलला निम्मेच धरा. आमच्यासारख्या एका कॅमेऱ्याच्या स्टेशनला तेवढे भरपूर झाले, फक्त मॉडेल टेन्सरआरटीमध्ये (मॉडेल वेगाने चालवणाऱ्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरमध्ये) बदलून घ्या. ८ जीबी मेमरी सीपीयू आणि जीपीयू दोघांत वाटली जाते, त्यामुळे मोठ्या फोटोचे तुकडे करूनच तपासणी करावी लागते.

हार्डवेअर व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करणारा वेगळा भाग, यात नाही. आम्ही फक्त रिजेक्ट पार्टचे फोटो साठवतो, म्हणून चालतं. सलग रेकॉर्डिंग हवं असेल तर याच मालिकेतलं वरचं ओरिन एनएक्स घ्या.

बोर्डापेक्षा जास्त विचार कॅमेऱ्याचा आणि त्याहून जास्त लाइटचा करा, असं मी प्रत्येक ग्राहकाला सांगते. स्वस्त सीएसआय कॅमेरे (बोर्डाला थेट रिबन केबलने जोडायचे) बहुतेक रोलिंग शटरचे असतात, म्हणजे फोटो ओळीओळीने घेतात, चालत्या पार्टचं गोल भोक त्यांत तिरकं दिसतं. पूर्ण फोटो एकाच क्षणी घेणारं ग्लोबल शटरच घ्या. चकचकीत फेसवर रिंग लाइटचे पांढरे डाग पडतात. घुमटासारख्या डोम लाइटखाली सगळीकडून मऊ उजेड येतो, त्यामुळे फेस एकसारखा उजळतो आणि ब्लोहोल काळे उठून दिसतात. मग छोटं मॉडेलही नीट काम करतं.

हे किट डेव्हलपमेंटसाठी आहे, प्रॉडक्शनसाठी नाही, असं एनव्हिडियाच सांगते. ट्रायल पास झाली की प्रॉडक्शन मॉड्यूल, इंडस्ट्रियल कॅरिअर बोर्ड (मॉड्यूल बसवायचा बोर्ड) आणि बंद एन्क्लोजर घ्या, उघडा पंखा कूलंटची वाफ आणि धूळ आत ओढतो. ट्रायललासुद्धा पॅनेलचे २४ व्होल्ट थेट देऊ नका, किटचा अडॅप्टर १९ व्होल्टचा आहे. बाहेरचे सिग्नल जोडायच्या हेडरच्या पिना तर ३.३ व्होल्टच्याच. पीएलसीच्या सिग्नलसाठी मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) लावा, नाहीतर बोर्ड जळेल.