नाला खोल करायचा की डोंगर राखायचा?

साक्रीकडच्या एका भाऊंनी विचारलं: पाणी अडवायला गावाने शिरपूर पॅटर्न धरावा की बारीपाड्याची वाट? दोन्ही आपल्या धुळे जिल्ह्यातलेच.

आधी पैसा. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या शिरपूर पॅटर्नमध्ये नाला रुंद-खोल करून विनादरवाजाचे सिमेंट बंधारे बांधतात. पोकलेन, डिझेल, सिमेंट. निधीशिवाय गावाला झेपत नाही. बारीपाडा या आदिवासी पाड्यात तिथल्याच चैत्राम पवारांसोबत गावाने जंगल राखलं, श्रमदानाने बांध घातले. तिथे खर्च कमी, पण एकजूट रोजची लागते. चोरून तोडणारा आपलाच चुलतभाऊ निघाला तरी दंड घ्यावा लागतो. खरी कसोटी तीच.

खोल नाल्यात पहिल्याच चांगल्या पावसाचं पाणी थांबतं. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत चिकणमातीचा थर पाणी मुरू देत नाही. तो फोडला की विहिरींना पाझर लागतो. जंगलाला वर्षं लागतात. पण नाल्यातला गाळ पुन्हा पुन्हा उपसावा लागतो, आणि जंगल पाण्यासोबत मोह, चारा, रानभाज्याही देतं. आषाढात घरात काही नसताना टोपलीभर कोवळी भाजी म्हणजे काय, ते पाड्यावरच्या बायांना विचारा.

सपाट काळी जमीन, केळी-कापूस, आटलेल्या विहिरी असतील तर नाला. गावाच्या माथ्यावर उघडा डोंगर असेल, तर भाऊ, आधी डोंगरच. नाहीतर त्याची माती वाहून तुमच्या नव्या नाल्यात येईल.