मास्क की बॉम्बे कॅन्टीन? खास जेवणासाठी मुंबईत कुठे जावं

वर्षातून एकदा हात सैल सोडून मुंबईत जेवायचं ठरवलं, की दोन नावं हमखास पुढे येतात. एक महालक्ष्मीला शक्ती मिलच्या गल्लीतलं मास्क, दुसरं लोअर परळच्या कमला मिल्समधलं बॉम्बे कॅन्टीन. दोन्ही जुन्या गिरण्यांच्या आवारात आहेत, दोन्हीकडे आपल्याच देशातल्या भाज्या, मासे, धान्यं घेऊन नवं काही रांधतात आणि दोन्हीकडच्या शेफचं नाव देशाबाहेरही पोचलंय. पण एकाकडे खूश झालेला माणूस दुसरीकडे चुळबुळत बसेल, इतका दोघांच्या स्वभावात फरक आहे. त्यामुळे ‘जास्त चांगलं कुठलं’ हे विचारण्याआधी बरोबर कोण येणार आहे ते ठरवा.

मास्कमध्ये मेनूकार्डातून निवडायचं नसतं. साधारण दहा पदार्थांची एक मालिका ठरलेली असते आणि ती एकेक करत समोर येते. शाकाहारी मालिका वेगळी मिळते, पण ती टेबल राखतानाच सांगावी लागते. संपूर्ण जेवणाला अडीच-तीन तास लागतात. पहिल्या दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि शेवटी मात्र उठवत नाही. ज्याला ‘मला माझं हवं ते मागवू दे’ असं वाटतं, त्याच्यासाठी ही जागा नाही. ज्याला पुढ्यात काय येईल याची उत्सुकता असते, त्याला इथल्यासारखी संध्याकाळ मुंबईत क्वचितच मिळेल.

मास्क २०१६ मध्ये अदिती दुगड यांनी सुरू केलं, तेव्हा स्वयंपाकघर प्रतीक साधू यांच्या हाती होतं. ते काश्मीरचे. लडाखच्या सीबकथॉर्नसारखी आंबट फळं, हिमालयातल्या रानभाज्या त्यांनी मुंबईच्या ताटात आणल्या आणि मास्कची ओळख तिथून घडली. २०२२ मध्ये ते बाहेर पडले. आता हिमाचलात कसौलीजवळ त्यांचं नार हे छोटं रेस्तराँ आहे. म्हणजे कुणी तुम्हाला २०२२ च्या आधीच्या जेवणावरून मास्क सुचवलं असेल, तर त्या जेवणामागचा शेफ आता तिथे नाही. तरी मी मास्क बिनधास्त सुचवतो, कारण साधूंच्या जागी आलेले वरुण तोतलानी बाहेरून आणलेले नाहीत. रेस्तराँ उघडलं तेव्हा ते तिथेच ‘कॉमी’ म्हणून, म्हणजे स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर, रुजू झाले होते. त्यांच्या हाताखाली मास्क २०२३ मध्ये आशियातल्या पन्नास उत्तम रेस्तराँच्या यादीत सोळावं आलं, २०२५ मध्ये एकोणिसावं. मिशलिन या जगप्रसिद्ध रेस्तराँ-मार्गदर्शिकेचे तारे भारतात दिले जात नाहीत, म्हणून इथल्या रेस्तराँसाठी हीच यादी मोठी मानली जाते. मला मात्र त्या क्रमांकापेक्षा एका ‘कॉमी’चा मुख्य शेफ झाला याचं जास्त अप्रूप आहे. ज्या स्वयंपाकघरात माणसं टिकतात आणि वाढतात, तिथली चवही सहसा डगमगत नाही.

बॉम्बे कॅन्टीनची तऱ्हा निराळी. २०१५ मध्ये समीर सेठ, यश भानगे आणि फ्लॉइड कार्डोझ यांनी ते उघडलं. कार्डोझ मूळचे मुंबईचे, गोवन कुटुंबातले. न्यूयॉर्कमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या तब्ला या रेस्तराँमुळे त्यांचं नाव झालं होतं. मार्च २०२० मध्ये कोविडने ते गेले. कॅन्टीनचे पहिले मुख्य शेफ थॉमस झकारिया गावोगाव फिरून पदार्थ शोधायचे. विरार-आगाशीकडचं भुजिंग, तेच कोळशावर भाजलेली कोंबडी घातलेलं पोह्यांचं, इथे मासळीच्या रूपात मेनूवर आलं. वसई-विरारच्या माणसाला घरचं भुजिंग अशा जागी दिसल्यावर काय वाटलं असेल, हे आपण समजू शकतो. आपल्याकडच्या पदार्थांना अशा ताटात जागा मिळावी, असं मला फार मनापासून वाटतं आणि कॅन्टीनने ते इतर अनेकांच्या आधी केलं.

आता तिथली सूत्रं हुसेन शहजाद यांच्याकडे आहेत. ते न्यूयॉर्कच्या इलेव्हन मॅडिसन पार्क या नामांकित रेस्तराँत काम करून आलेले, आणि कॅन्टीनची सूत्रं घेण्याआधी याच मंडळींच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ओ पेद्रो या गोवन रेस्तराँचं स्वयंपाकघर सांभाळलेले. इथे मेनूकार्ड हातात येतं, ताटल्या मधोमध ठेवून वाटून खायच्या, कुणाला एकच पदार्थ आणि एक पेय घेऊन निघायचं असेल तरी कुणी भुवया उंचावत नाही. मेनू ऋतूप्रमाणे बदलतो, त्यामुळे एखादा ठरावीक पदार्थ डोक्यात धरून जाऊ नका. रात्री गलका बराच असतो. वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर दुपार गाठा.

पैशांचा हिशेब असा. मास्कमध्ये माणशी रक्कम आधीच ठरलेली असते, कॅन्टीनमध्ये ती तुमच्या हातात असते. चौघांनी नेमकं मागवलं तर कॅन्टीनचं बिल मास्कच्या मानाने बरंच कमी होतं. जेवणावर पाच टक्के जीएसटी लागतो, दारूवर तो लागत नाही, तिचा कर वेगळा. सेवाशुल्क देणं ग्राहकावर बंधनकारक नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हे स्पष्ट केलंय. सेवा आवडली तर जरूर द्या, पण बिलात आपोआप धरलेलं असेल तर काढायला सांगण्यात संकोच नको.

या दोघांच्या मधलं काही हवं असेल, तर फोर्टच्या किताब महालमधलं ‘एका’ नावाचं रेस्तराँ बघा. नियती राव यांच्या या रेस्तराँत ठरलेली मालिकाही मिळते आणि मेनूकार्डही. एकाच टेबलावर दोन्ही स्वभावांची माणसं असतील तर वाद मिटतो.

आणि या सगळ्यांत नवं, ज्याची बरीच चर्चा झाली, ते पापाज्. वांद्र्याच्या रणवार गावात, वेरोनिकाज या सँडविचच्या दुकानाच्या वर, २०२४ मध्ये उघडलेलं. शहजाद यांचंच. जेमतेम बारा खुर्च्या, त्याही शेफच्या समोर. सशाच्या पदार्थावर लाल मुंग्या आल्या, म्हणून त्याची खूप बातमी झाली. बस्तरात त्या मुंग्यांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खातात, तेव्हा त्यात दचकण्यासारखं काही नाही. पण जागा मिळणं कठीण, म्हणून ठरावीक तारखेच्या वाढदिवसासाठी यावर विसंबू नका. तारीख मोकळी असेल तरच प्रयत्न करा.

माझा कौल मागाल तर असा. दोघंच असाल आणि दोघांनाही स्वयंपाकात रस असेल, तर मास्क. आईवडील, सासूसासरे, एखादं शाळकरी पोर असा गोतावळा असेल, तर कॅन्टीन, तेही रविवारी दुपारी. आणि टेबल कुठलंही राखा, उपवास, ॲलर्जी, कांदा-लसूण न खाणं हे फोनवरच सांगून ठेवा. ठरलेली मालिका असलेल्या स्वयंपाकघरात ऐनवेळी सांगितलं, तर त्यांना पदार्थातून काहीतरी वगळण्यापलीकडे फारसं करता येत नाही, आणि तुमच्या पुढ्यात येतं ते उरलेलं अर्धं.