गोळीची रिअ‍ॅक्शन: मेडिकल कौन्सिल की ग्राहक आयोग?

आबांना युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात अंगावर चट्टे उठले. डॉक्टरांना फोन केला. "उष्णता आहे, गोळी चालू ठेवा." चार दिवसांत तोंड आलं, डोळे चिकटले, पाठीची कातडी सुटायला लागली. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे औषधाच्या रिअ‍ॅक्शननं कातडी सोलणारा गंभीर आजार. घाटी या सरकारी रुग्णालयात सव्वीस दिवस काढून आबा घरी आले ते काळा चष्मा लावूनच. दाद कुठं मागायची यावर मग आमच्या घरात दोन महिने खल चालला होता.

गोळीनं अपाय झाला म्हणजे कुणाची तरी चूक झालीच, असं कायदा धरत नाही. या औषधाचा हा धोका माहितीतला आहे. त्यामुळं आमची तक्रार गोळी दिली म्हणून नव्हतीच. चट्टे सांगूनही ती बंद केली नाही, म्हणून होती. तुमची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे ते एका वाक्यात लिहून बघा. पुढचा रस्ता बराचसा त्यावरच ठरतो.

भाऊजींचा आग्रह कंपनीला कोर्टात खेचायचा. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे खरं. पण त्यातच कलम 87 बसलंय: तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायची वस्तू असेल आणि उत्पादकानं त्या तज्ज्ञाला रीतसर इशारा दिला असेल, तर इशारा दिला नाही म्हणून त्याच्यावर दावा चालत नाही. चिठ्ठीवरच्या औषधाला हे तंतोतंत लागू पडतं. गोळीच बनावट किंवा हलक्या प्रतीची वाटत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा अन्न व औषध प्रशासनाकडं जा. फी भरून सरकारी विश्लेषकाकडून नमुना तपासून घेण्याची सोय औषध कायद्याच्या कलम 26मध्ये आहे.

पोलिसात जावं असं धाकट्याला वाटत होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005च्या जेकब मॅथ्यू निकालापासून डॉक्टरवर फौजदारी लावायची तर घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं निष्पक्ष मत लागतं. ते आम्ही सोडून दिलं.

उरले दोघं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, आणि तिथं ऐकणारे स्वतः डॉक्टर असल्यामुळं औषधाचं शास्त्र समजावत बसावं लागत नाही. भरपाई मात्र मिळत नाही. ज्याला पैसा नको, "याला जाब विचारला पाहिजे" एवढंच हवंय, त्याच्यासाठी हा रस्ता चांगला आहे, आणि सुरुवातीला माझंही मन तिकडंच होतं.

मन फिरलं ते रेल्वेच्या डब्यातल्या दिव्यामुळं. डोळ्यांच्या तपासणीसाठी आबांना एकदा देवगिरीनं मुंबईला नेलं होतं. या आजारानंतर त्यांना उजेड सहन होत नाही. रात्रभर प्रत्येक स्टेशनावर कुणीतरी चढायचं, खटकन दिवा लावायचं, बर्थ नंबर शोधायचं आणि दिवा तसाच ठेवून झोपायचं. मी उठून बंद करायचो. मनमाडनंतर आबा चष्म्यावर उपरणं बांधून बसून राहिले. कौन्सिल मुंबईत. सुनावणीला बोलावणं आलं की हाच प्रवास पुन्हा. कुणाला हे कारण किरकोळ वाटेल. मला वाटलं नाही.

ग्राहक आयोग जिल्ह्याच्या गावी. आमचे डॉक्टर शेजारच्या जिल्ह्यातले, तरी तक्रारदार राहतो तिथं दावा लावता येतो. जुन्या कायद्यात ही सवलत नव्हती. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी. उपचाराला मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. तारखांचा त्रास मात्र आहे. कायद्यात तीन महिने लिहिलेत, आमचं तिसरं वर्ष चालू आहे. अनुराधा साहा यांचा 1998 साली असाच कातडी सोलणाऱ्या आजारानं मृत्यू झाला. डॉक्टर फौजदारीतून सुटले. पण ग्राहक कायद्याखालच्या दाव्यात पती कुणाल साहा यांना 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं सुमारे 6 कोटी मंजूर केले. पंधरा वर्षं लागली, पण आकडा हाती पडला तो याच दारातून.

सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच मोफत उपचार होत असतील तर हे दार बंद. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995च्या शांता निकालानं ते ग्राहक कायद्यातून वगळलंय. तिथं कौन्सिल किंवा दिवाणी कोर्टच बघावं लागेल. दोन्हीकडं एकदम गेलं तरी हरकत नाही, असं आमचे वकील म्हणाले. तेवढा दम असेल तर बघा.

कुठंही जा, 1800-180-3024वर रिअ‍ॅक्शनची नोंद करून ठेवा. फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, हा नंबर भरपाई देत नाही, पण तारखेनिशी कागद तयार होतो. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. केस पेपरची नक्कल लेखी अर्ज देऊन मागा, 72 तासांत द्यावी लागते. आमच्याकडं मेडिकलचं बिल नव्हतं, मागितलंच नव्हतं. आईनं अर्धी संपलेली पट्टी कुंकवाच्या डब्यात ठेवली होती, बॅच नंबर शाबूत. आमच्या दाव्याला ती तिसऱ्या क्रमांकाचा पुरावा म्हणून जोडलीय.