सांगलीतलं पॅचवर्क: मुरूम, पोतं, गाडी आणि पेव्हर

सांगलीत खड्डा भरायला चार वस्तू वापरल्या जातात: मुरूम, पोत्यातलं कोल्ड मिक्स, प्लांटवरून येणारं हॉटमिक्स आणि पेव्हर ब्लॉक. चारही सेवा आपल्याच घरपट्टीवर चालतात, तेव्हा गिऱ्हाइकाच्या नजरेनं त्यांची पारख व्हायला हरकत नाही. सगळ्यात जास्त शिव्या कोल्ड मिक्सला पडतात. त्यातल्या निम्म्या त्याच्या वाट्याच्या नाहीत.

आधी जमीन. नदीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबराचा पापुद्रा तिच्याबरोबर वरखाली होतो. शामरावनगरसारख्या सखल भागात पाणी लवकर हटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि निम्मं शहर पाण्यात राहिलं. इतके दिवस भिजलं की डांबर खडीला सोडतं. पूर ओसरल्यावर रस्ता वरून शाबूत दिसतो आणि मालाच्या पहिल्या गाडीखाली सोलपटून निघतो. अशा जागी नुसता खड्डा भरून काहीच होत नाही, तिथं वरचा थरच काढावा लागतो.

मुरूम: पाचपैकी एक. तोही रात्रीत कुणी पडू नये एवढ्यासाठीच. दोन सरी आल्या की चिखल, ऊन पडलं की धूळ. मात्र खड्ड्यात नुसती सुटी खडी ओतण्यापेक्षा मुरूम परवडला. खडी रस्त्यावर पसरते आणि दुचाकी घसरतात.

कोल्ड मिक्स: भरणाऱ्यावर अवलंबून, एक ते साडेतीन. खडीला इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) किंवा पातळ केलेलं डांबर लावून ते पोत्यात बंद केलेलं असतं. तापवावं लागत नाही, म्हणून पावसाळ्यात प्लांट बंद असतानाही चालतं. इंडियन रोड्स काँग्रेसचा आयआरसी ११६ हा अशा तयार मालाचाच दंडक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तक्रार आल्यापासून ४८ तासांत खड्डा बुजवायला सांगितलं. जुलैत ती मुदत पाळायची तर पोत्याशिवाय दुसरा मार्गच नाही.

हिशोब सोपा आहे. एक मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल खड्ड्याला दाबून साधारण ६० ते ६५ किलो माल लागतो, म्हणजे २५ किलोची अडीच पोती. एका पोत्यात एवढा खड्डा भरला असेल तर उरलेलं पोट मातीनं भरलंय असं समजा.

रीत अशी. खड्ड्याच्या कडा कटरने किंवा छिन्नीने चौकोनी आणि उभ्या कापायच्या. बशीसारख्या उतरत्या कडेवर माल पातळ बसतो आणि टायर तिथूनच त्याला उचकटतो. पाणी उपसायचं, झाडून बुडाची पक्की खडी उघडी करायची. खड्डा साडेसात सेंटिमीटरपेक्षा खोल असेल तर तळाला खडी-कच ठोकून भरायची, त्यावर ४-५ सेंटिमीटरच्या थरांत माल, प्रत्येक थर वेगळा दाबून. वर सेंटिमीटरभर उंचवटा ठेवायचा, गाड्यांखाली तो बसतो. शेवटी थोडी कच भुरभुरायची, म्हणजे टायरला चिकटत नाही. दाबायला प्लेट व्हायब्रेटर हवा, निदान हाताचा धुम्मस तरी. फावड्याच्या पाठीनं थोपटणं म्हणजे भाकरी थापणं झालं.

आता त्याचे खरे दोष. सततच्या पावसात आतला द्रव उडत नाही आणि पॅच मऊच राहतो. पुष्पराज चौकासारख्या ठिकाणी, जिथं बस ब्रेक मारते आणि वळते, तिथं तो सरकून ढेकूळ होतो. फाटलेल्या किंवा वर्षभर गोदामात पडलेल्या पोत्यातला माल गोळे धरतो. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांत वापरायला सांगतात, तेव्हा पोत्यावरची तारीख बघावी. शिवाय टनामागे तो हॉटमिक्सपेक्षा बराच महाग. दोन-तीन चौरस मीटरच्या पुढचा पॅच पोत्यातून करणं ही उधळपट्टीच.

हॉटमिक्स: कोरड्या दिवसांत साडेचार. गडबड तापमानात होते. माल रस्त्यावर साधारण १४० अंशांना पडायला हवा आणि ९० च्या खाली जायच्या आत रोलिंग संपायला हवं. दहा टनांच्या गाडीत ५ सेंटिमीटर जाडीनं सुमारे ८५ चौरस मीटर पॅच होतो. ते सुटे खड्डे चार वॉर्डांत विखुरले असले की शेवटच्या खड्ड्यापर्यंत माल गार. वाफ येत नाही, फावड्यावर ढेकळं निघतात, रंग करडा दिसतो. असा माल त्या दिवशी गुळगुळीत दिसतो आणि पहिल्या पावसात खडी सोडतो. गाडीवर ताडपत्री नसेल तर तक्रार तिथंच नोंदवावी. एका दिवसात एकाच रस्त्याचे सगळे पॅच, असं नियोजन ज्या उपअभियंत्यानं केलं त्याचे रस्ते टिकतात.

खालचा टॅक कोट, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून मारलेला डांबराचा पातळ हात, तोही बघा. इमल्शन तपकिरीचं काळं झाल्यावरच माल टाकायचा. चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास पुरतं. झारीनं ओतून डबकं केलं तर पॅच त्याच्यावरून घसरतो.

पेव्हर ब्लॉक: गुंठेवारीतल्या बोळात साडेतीन, मुख्य रस्त्यावर दीड. जिथं ड्रेनेजची लाईन अजून यायची आहे तिथं ब्लॉक काढून परत बसवता येतात, हा मोठाच फायदा. पण डांबराच्या मधोमध ठिगळ म्हणून बसवले की दोन्हीची बैठक वेगळी असल्यामुळे कडेला खाच पडते. वाहनांच्या रस्त्याला ८० मिलिमीटरचा ब्लॉक लागतो. ६० चा पायवाटेला ठीक.

या सगळ्याचं मूळ आहे ते पैशाच्या वाटेत. रस्त्यांची देखभाल हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्येच ते येतं. पण जिल्हा नियोजन समिती, राज्याची नगरोत्थान योजना, आमदार फंड यांतून पैसा येतो तो मुख्यतः नव्या कामाला. डागडुजी पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नावर. त्यामुळे भेगा बुजवायला, साईडपट्टी खरवडायला, गटाराची तोंडं मोकळी करायला पैसा नसतो. ही कामं एप्रिल-मेमध्ये झाली तर निम्मे खड्डे पडणारच नाहीत. उलट मार्चअखेर नव्या कार्पेटची घाई असते, आणि जूनमध्ये त्याच रस्त्यावर पाण्याच्या लाईनीसाठी चर. जेसीबीनं चर एका दमात लोटून बुजवला की वर्षभर खचत राहतो. वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून ठोकला तरच बसतो. खोदाईचं शुल्क त्यासाठीच घेतलं जातं.

नवं कार्पेट झालं असेल तर डांबराची बेरीज घरबसल्या करता येते. नेहमीच्या २० मिलिमीटर प्रिमिक्स कार्पेटला दर १० चौरस मीटरला १४.६ किलो आणि त्याच्यावरच्या ब प्रकारच्या सीलकोटला (पाणी मुरू न देणारा शेवटचा थर) ६.८ किलो डांबर बसतं. म्हणजे पावणेचार मीटर रुंदीच्या १०० मीटर गल्लीत टॅक कोट सोडून सुमारे ८०० किलो. मध्यापासून कडेपर्यंत दोरी ताणून चार-पाच सेंटिमीटर उतार भरतोय का तेही बघावं. उतार नसेल तर डांबर कितीही चोख असलं तरी पाणी तिथंच थांबणार.

माहिती अधिकाराच्या १० रुपयांच्या अर्जात एवढंच मागावं: एस्टिमेट, वर्क ऑर्डर, एमबीची (कामाच्या मोजमाप वहीची) प्रत, डांबराची चलनं आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख. ती तारीख उलटलेली नसेल तर खड्डा ठेकेदारानं स्वखर्चानं भरायचा असतो, पालिकेचं एक पोतंही त्यात जायला नको. तक्रारीत विजेच्या खांबाचा नंबर आणि खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली टाकावी. त्याआधी रस्ता पालिकेचा की सार्वजनिक बांधकामचा ते विचारून घ्यावं, नाहीतर अर्ज महिनाभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.