ई-इनव्हॉइस कुठून काढायचं: पोर्टल, एक्सेल, टॅली की जीएसपी?

उलाढाल पाच कोटींच्या वर गेली की ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागू, हे 1 ऑगस्ट 2023 पासून बहुतेक धंदेवाल्यांना पाठ झालंय. ऑक्टोबर 2020 मध्ये ही मर्यादा 500 कोटी होती, ती टप्प्याटप्प्याने खाली आली. गोंधळ होतो तो ‘कोणती उलाढाल’ या प्रश्नावर. 2017-18 पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात पाच कोटी ओलांडले असतील तर तुम्ही आत आलात. नंतर धंदा तीन कोटींवर घसरला तरी सुटका नाही. शिवाय उलाढाल मोजायची ती एका पॅनवरची देशभरातली, करमुक्त मालासकट. सांगलीकडचा एखादा व्यापारी पावणेपाच कोटींची ताजी द्राक्षं आणि साठ लाखांचा बेदाणा विकत असेल, तर द्राक्षांवर कर नाही म्हणून त्यांच्या बिल ऑफ सप्लायला (करमुक्त मालाच्या बिलाला) ई-इनव्हॉइस लागत नाही, पण बेदाणा घेणाऱ्या जीएसटी नंबरवाल्या पार्टीच्या प्रत्येक बिलाला लागतं. साठ लाखांसाठी!

बँका, विमा कंपन्या, माल वाहतूक एजन्सी वगैरेंना सूट आहे. किरकोळ ग्राहकाच्या बिलालाही आयआरएन (पोर्टलवर नोंद झाल्यावर बिलाला मिळणारा क्रमांक) नको. निर्यात आणि क्रेडिट-डेबिट नोटा (आधीच्या बिलाची रक्कम कमी-जास्त करणारे कागद) मात्र यात येतात. जॉबवर्कला (बाहेरून मजुरीवर काम करून घ्यायला) माल पाठवताना जे डिलिव्हरी चलन करता, त्याला लागत नाही. जॉबवर्कवाला मजुरीचं बिल करतो, त्याला (तो पाच कोटींवरचा असेल तर) लागतं.

आता निवडीकडे. सॉफ्टवेअर विकणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘महिन्याला किती बिलं?’ माझ्या मते हा प्रश्न अर्धवट आहे. संध्याकाळी पाच ते सात या वेळात किती बिलं निघतात, आणि गाडी भरून उभी असताना बिलात चूक सापडली तर ती कोण निस्तरणार, हे विचारा. चारही पर्यायांतला खरा फरक तिथेच कळतो.

सरकारी पोर्टलवर हाताने भरणं फुकट आहे. दिवसाला चार-पाच बिलं, ठरलेल्या पार्ट्या, ठरलेला माल असेल तर चालून जातं. पण इथे तुम्ही बिल दोनदा लिहिता, एकदा आपल्या हिशेबात आणि एकदा पोर्टलवर. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत की मनस्ताप सुरू होतो, कारण पोर्टलवरची माहिती आपोआप जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) मध्ये जाते आणि तुमच्या वह्या वेगळंच सांगतात. दुसरी अडचण ओटीपीची. 1 एप्रिल 2025 पासून लॉगिनला दोन टप्प्यांची पडताळणी सगळ्यांना सक्तीची आहे. ओटीपी मालकाच्या मोबाइलवर आणि मालक लग्नाला गेलेले, असं होऊ नये म्हणून बिल करणाऱ्याच्या नावाने सब-युजर काढून त्याचा स्वतःचा नंबर जोडा. हे आधी करा, मग पर्याय निवडा.

एक्सेलचं साधनही पोर्टलवरून फुकट उतरवता येतं. तक्ता भरायचा, तपासायचा, जेसन फाइल (पोर्टलला वाचता येईल अशा साच्यातली) करायची, चढवायची. पन्नास बिलं एकदम जातात. ज्यांची बिलं दिवसभरात साठून एकाच वेळी निघतात, उदाहरणार्थ महिनाअखेरीला सेवेची बिलं करणारे, त्यांना हे उत्तम. माल पाठवणाऱ्याला मात्र नाही. गाडी एक-एक करून सुटते, आणि दर गाडीला फाइल करून चढवत बसायला दरवाजावरचा ड्रायव्हर वेळ देत नाही.

टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधूनच आयआरएन घेणं, हे पाच ते पंचवीस कोटींच्या बहुतेक धंद्यांसाठी योग्य उत्तर आहे असं मला वाटतं. बिल सेव्ह केलं की 64 अक्षरी आयआरएन आणि क्यूआर कोड त्याच बिलावर छापून येतो. गाडीचा नंबर आधीच भरला असेल तर ई-वे बिलही (माल वाहतुकीची सरकारी नोंद) सोबत निघतं. नोंद एकदाच होते, हा मुख्य फायदा. खर्च वर्गणीचा: टॅलीत थेट जोडणी हवी तर टीएसएस, म्हणजे टॅलीची वर्गणी, चालू लागते. ती संपली असेल तर जेसन काढून पोर्टलवर चढवण्याची वाट उघडी असते, म्हणजे परत एक्सेलवाल्यांच्या रांगेत.

जीएसपीमार्फत (जीएसटी यंत्रणेशी जोडून देणारी मान्यताप्राप्त कंपनी) ईआरपी, म्हणजे धंद्याचं सगळं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, जोडणं हा चौथा मार्ग. भोसरी-चाकणचा सुटे भाग बनवणारा, जो मोठ्या वाहन कंपनीला दिवसाला चाळीस खेपा पाठवतो, त्याने इकडे यावं. तिथे बिलाचा साचा गिऱ्हाइकाचा असतो, गेटवर क्यूआर वाचला जातो आणि बिल जुळलं नाही तर माल आत जात नाही. बाकीच्यांना जीएसपी विकायला कोणी आला, तर आधी विचारा की बिल रद्द करणं आणि क्रेडिट नोट हे दोन्ही त्याच पडद्यावरून होतं का. पुष्कळदा बिल काढण्याचं प्रात्यक्षिक सुंदर असतं आणि रद्द करायला परत पोर्टलवर जावं लागतं.

‘सल्लागाराकडे देऊन टाकू’ हाही एक विचार असतो. रिटर्न भरायला ठीक आहे. दारात गाडी उभी असेल तर नाही.

चुकीचं बिल दुरुस्त होत नाही, फक्त रद्द होतं, तेही 24 तासांच्या आत. ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. रद्द झालेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. वेळ निघून गेली की मार्ग क्रेडिट नोटचा. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सहाला काढलेलं चुकीचं बिल सोमवारी सकाळी सापडलं तर उशीर झालेला असतो. दहा कोटी आणि त्यावरच्या उलाढालीला आणखी एक घड्याळ आहे: 1 एप्रिल 2025 पासून बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांत नोंदवलं नाही तर पोर्टल ते स्वीकारतच नाही. त्याखालच्यांना हे बंधन नाही, पण म्हणून निवांत राहण्यात अर्थ नाही. नियम 48(5) प्रमाणे, आयआरएन लागतो तिथे तो नसलेलं बिल हे बिलच धरलं जात नाही. दहा हजार किंवा कराइतकी रक्कम, जे जास्त असेल तो दंड होऊ शकतो. पण त्याआधी पार्टी पैसे अडवते, कारण तिचं भरलेल्या कराचं क्रेडिट अडकलेलं असतं.

कोणताही पर्याय घेतलात तरी पहिला आठवडा पार्ट्यांच्या याद्या साफ करण्यात जाणार, हे धरून चाला. पिनकोड राज्याशी न जुळणं, बंद झालेला जीएसटी नंबर, चार अंकी एचएसएन, म्हणजे मालाचा वर्गीकरण कोड (इथे सहा अंक लागतात), 16 अक्षरांपेक्षा लांब बिल नंबर, या चार गोष्टींवर बिलं सर्वांत जास्त अडतात. सॉफ्टवेअर महाग घेतलं म्हणून यातलं काही आपोआप सुटत नाही. 31 मार्चच्या संध्याकाळी नवी पद्धत सुरू करू नका; एप्रिलच्या नव्या बिल मालिकेसोबत करा, आणि पहिल्या दिवशी ओळखीच्या एका पार्टीला खरं बिल काढून तिच्याकडून क्यूआर तपासून घ्या.