आर्डुइनो उनो: दिवाळी ते तान्हा पोळा, दहा महिन्यांचा वापर

आमच्या आर्वीकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लेकरं लाकडी नंदी सजवून मिरवतात. मागच्या दिवाळीत आठवीतली मुलगी म्हणाली, "बाबा, औंदा आपला नंदी दोरीनं ओढाचा नाही. तो आपल्या पायानं चालला पाह्यजे." माझं गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या मोटारी भरण्यात वीस वर्षं गेली. प्रोग्रामिंग मात्र कधी केलं नव्हतं. नागपूरला सामान आणायला गेलो तेव्हा सीताबर्डीवरून आर्डुइनो उनो आर३ च्या धर्तीचा बोर्ड घेतला, म्हणजे प्रोग्राम टाकून मोटारी, दिवे, सेन्सर चालवायची छोटी सर्किट पट्टी. या बोर्डाचा आराखडा खुला असल्यामुळे त्याच्या स्वस्त आवृत्त्या सगळीकडे मिळतात. दहा महिने आम्ही दोघांनी त्यावर काम केलं, त्याचा हा अनुभव.

पहिले दोन दिवस प्रोग्राम बोर्डात जाईचना. लॅपटॉपला पोर्टच दिसत नव्हता. पहिली अडचण वायरची निघाली: घरातली यूएसबी केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्या. दुसरी अडचण चिपची. स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी बहुतेक वेळा सीएच३४० हा चिप असतो, आणि विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर कधी कधी वेगळा टाकावा लागतो. पुढे बिनतारी जोडणीसाठी ब्लूटूथचा एचसी-०५ हा मॉड्यूल जोडला तेव्हा पुन्हा "नॉट इन सिंक" असा प्रोग्राम न गेल्याचा इशारा यायला लागला. बोर्डाच्या पिन (तारा जोडायच्या जागा) ० आणि १ वरूनच प्रोग्राम आत जातो, आणि ब्लूटूथही आम्ही तिथेच जोडलं होतं. अपलोड करताना त्या दोन तारा काढल्या की काम होतं. एकदा प्रोग्राम टाकायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर बसवलं की इंटरनेट लागत नाही, ही आमच्यासारख्या गावात फार मोठी सोय आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पुढच्या प्रश्नानं. टेबलावर लॅपटॉपला जोडलेला असताना नंदी झकास चाले. खाली बॅटरीवर ठेवला की मान हलवे, चार बोटं पुढे सरके, थांबे, पुन्हा मान हलवे. "बाबा, हा तर पह्यल्यापासूनच सुरू करून राह्यला," असं मुलीनंच ओळखलं. मी आठवडाभर प्रोग्राम वाचत बसलो होतो. शेवटी सेटअपमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, बोर्डावरच्या १३ नंबरच्या दिव्याला सावकाश तीनदा लुकलुकायला सांगितलं. नंदी अडला की दिवा पुन्हा तीनदा लुकलुकायचा. म्हणजे बोर्ड बंद पडून नव्यानं चालू होत होता.

मग माझं मलाच वाईट वाटलं, कारण हे मी रोज पाहतो. पाण्याची मोटार उठताना चालू करंटच्या पाच ते सात पट करंट ओढते, आणि डीपीपासून लांबच्या शेतात तेवढ्यात व्होल्टेज पडतं. नंदीच्या चाकांच्या पिवळ्या छोट्या मोटारींचंही तसंच आहे. आम्ही एल२९८एन ड्रायव्हरच्या (मोटारींना करंट पुरवणारं सर्किट) ५ व्होल्टवरूनच बोर्डही चालवत होतो आणि मानेचा एसजी९० सर्वोही (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटार). चाकं आणि मान एकदम उठली की व्होल्टेज कोसळायचं. सर्वोला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) दिला, त्याच्या ५ व्होल्टवर १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला, सगळ्यांचे मायनस एकत्र बांधले, आणि रोग गेला. मायनस एकत्र नसेल तर सर्वो वेड्यासारखा थरथरतो, हे विसरू नका. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी तर मोटारीसाठी घेऊच नका, तिच्यात तेवढा करंट देण्याची ताकद नसते. आम्ही १८६५० या मापाचे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये लावले. एल२९८एन मध्येच साधारण २ व्होल्ट जातात, ते धरून हिशेब करावा.

चालताना नंदी आपोआप डावीकडे वळायचा, तो दोष मात्र खरोखर प्रोग्रामचा होता. सर्वोची लायब्ररी (तयार प्रोग्राम) वापरली की उनोवर ९ आणि १० या पिनांचं पीडब्ल्यूएम (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा सिग्नल) बंद होतं, आणि एका चाकाचा वेग आम्ही १० वरून देत होतो. तार ५ वर नेली, नंदी सरळ झाला.

डिले या थांबायच्या आज्ञेबद्दल मुलीला समजावताना मला ओलिताचं उदाहरण सुचलं. डिले म्हणजे पाणी सोडून धुऱ्यावर झोपणं, तेवढ्या वेळात बांध फुटला तरी कळत नाही. आमचा नंदी मान हलवता हलवता भिंतीला धडकला तो यामुळेच. मिलिस ही वेळ सांगणारी आज्ञा वापरली की घड्याळ बघत फेऱ्या मारता येतात. हा बदल तिनं स्वतः केला, त्याला पंधरा दिवस लागले, आणि माझ्या मते तिचं खरं शिकणं तिथे सुरू झालं.

उन्हाळ्यात नवीनच अडचण आली. आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजायचा एचसी-एसआर०४ सेन्सर थंडीत बरोबर होता, मे महिन्यात १०० सेंटिमीटरवरची भिंत ९५ दाखवू लागला. सेन्सर खराब झाला असं वाटलं, पण बिघडलं काहीच नव्हतं. सूत्रात आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरलेला असतो, आणि आमच्याकडच्या ४५ अंशांत तो ३५८ च्या पुढे जातो. तापमानाप्रमाणे आकडा बदलला की माप जुळतं.

मुलीचा हट्ट होता की सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी) संदेश मराठीतच यावेत. पण रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीत प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलाही, ३. "पुढे भिंत आहे" एवढ्यालाच ३५ बाइट. उनोची रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, २ केबी. संदेश वाढले तसा मेमरी कमी असल्याचा इशारा आला आणि नंदी मध्येच गोठू लागला. एफ मॅक्रो ही सोय वापरून संदेश प्रोग्राम साठवायच्या ३२ केबीच्या फ्लॅश मेमरीत ठेवले, मराठी टिकली. २०२३ साली आलेल्या उनो आर४ ची रॅम ३२ केबी आहे, तिथे ही ओढाताण नाही. पण त्याची पिन फक्त ८ मिलीअँपिअर देते, जुन्याची २० सहज देते, म्हणून दिवे जोडताना रेझिस्टर बघून लावावा.

तान्ह्या पोळ्याला नंदीनं चुन्याच्या फक्कीच्या रेघेवरून चालायचं ठरलं होतं. घरात संध्याकाळी चाललाही. अंगणात चारच्या उन्हात रेघ ओळखणाऱ्या इन्फ्रारेड सेन्सरला पांढरी रेघ आणि काळी माती सारखीच दिसू लागली, कारण उन्हात इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) भरपूर असतं. बायकोनं झूल शिवायला घेतलीच होती. तिला आतून काळं अस्तर लावून ती पुढून जमिनीपर्यंत सोडली, आणि सावलीत सेन्सर रेघ धरू लागला. तोरणापासून मारुतीच्या पारापर्यंत नंदी आपल्या पायानं गेला.

बोर्ड अजून तोच आहे. दहा महिन्यांत एक सर्वो गेला, त्याचे प्लॅस्टिकचे दात झिजले. आता धातूच्या दातांचा एमजी९०एस मागवला आहे.