बोटाचा ठोका की कानाचा कौल?

लयीच्या आकलनावर प्रबंधिका करायची ठरली की निवड इथेच अडते. ऐकणाऱ्याला गाण्याबरोबर टेबलावर बोटानं ठोके द्यायला सांगायचं, की गाण्यावर 'टिक्' आवाज चढवून 'हा ठेक्यात आहे का?' एवढंच विचारायचं? मी दोन्ही करून पाहिलं.

ही दुसरी, म्हणजे कौलाची पद्धत, संशोधक इव्हर्सन आणि पटेल यांच्या २००८ च्या चाचणीत आहे. ती सुटसुटीत आहे आणि न्याय्यही. कान तयार, पण हात साथ देत नाही अशी माणसं खरोखर असतात. सोविन्स्की आणि दाला बेला या संशोधकांनी २०१३ मध्ये ती दाखवून दिली. ठोके मोजले तर अशांना उगाच 'बेताल' ठरवलं जाईल.

तरी माझं मन या पद्धतीवरून उडालं ते केरव्यातल्या (आठ मात्रांच्या तालातल्या) एका भजनामुळे. 'बरोबर' नमुन्यात मी टिक् पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर ठेवली होती, तर 'चुकीच्या' नमुन्यात मुद्दाम सरकवून तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. वर्षानुवर्षं भजनी मंडळात गाणाऱ्या एका काकूंनी चुकीच्या नमुन्यालाच ठामपणे 'बरोबर' म्हटलं. तक्त्यात त्यांचे गुण गेले. नंतर त्यांना नुसत्या टाळ्या वाजवायला सांगितलं, तर तिसरी-सातवी, तिसरी-सातवी, अख्खं भजन, जराही न ढळता! त्या तिथेच टाळी देत आल्या आहेत. ठेका कुठे आहे हे आधी मी ठरवलं आणि मग त्यांना नापास केलं, हे मला फार लागलं. हो-नाहीच्या कौलात ही गोष्ट कधीच दिसली नसती.

ठोक्यांच्या पद्धतीतही कटकटी आहेत. बोट बहुधा ठोक्याच्या किंचित आधी पडतं, काही दशांश मिलिसेकंद नव्हे, चांगले दहा-वीस किंवा त्याहून जास्त मिलिसेकंद. ती चूक धरू नये. फोनच्या पडद्यावर ठोके घेऊ नका, प्रत्येक फोनचा विलंब वेगळा. मी एकाच रेकॉर्डरच्या एका चॅनेलवर गाणं आणि दुसऱ्या चॅनेलवर टेबलाचा माइक घेतला, तेव्हा तो प्रश्न मिटला.

तुमच्याकडे लहान मुलं किंवा हात थरथरणारे वृद्ध असतील तर कौलच बरा, असं मला वाटतं. बाकी कुणासाठीही मी आधी ठोके घेईन, आणि त्या माणसाची टाळी कुठे पडते ते पाहूनच कौलाचे नमुने बनवीन.